साडेतीन महिन्यांच्या छोट्या पिल्लाचा खुराक किती ठेवावा?

घोडबंदर_ओवळा (ठाणे)

नमस्कार. सव्वा महिन्यापूर्वी आमच्या घरी कुत्र्याचे एक पिल्लू आले. मादी आहे, आज चौदा आठवड्यांची, पांढरीशुभ्र आणि झुपकेदार शेपटीची. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी ती पॉमेरियन असल्याचे सांगितले. काल दवाखान्यात वजन केले तेव्हा २.१ किलो भरले.

छोट्या जातीच्या पिल्लांसाठी मिळणारे कोरडे खाद्य आम्ही देतो. पाकिटावरच्या तक्त्यात २ किलोच्या ओळीसमोर दिवसाला सुमारे ५० ग्रॅम असा आकडा आहे, म्हणून सकाळी आठला २५ आणि रात्री आठला २५ ग्रॅम असे ठरवले. मात्र वाटी चाटूनपुसून झाल्यावरही ती बराच वेळ तिथेच घुटमळत राहते. सासूबाईंना ते पाहवत नाही, म्हणून दुपारी त्या दूधपोळी किंवा दोन ग्लुकोज बिस्किटे देतात आणि त्या दिवशी शी हमखास पातळ होते. मी ऐरोलीला नोकरीला असल्याने दिवसभर घरी नसते.

गेल्या आठवड्यात दोनदा सकाळी ती मलूल होऊन बसली, मागचे पाय थरथरत होते. खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत पूर्ववत झाली. ५० ग्रॅम कमी पडत आहे का? वाटी दिवसभर भरून ठेवली तर चालेल का? आणि पुरेसे खाल्ले की नाही हे ओळखायचे कशावरून?

नेरूळ_खाडीकाठ (नवी मुंबई)

ताई, आधी थरथरीविषयी लिहितो, कारण ग्रॅमचा हिशेब त्यानंतरचा आहे. इतक्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. रात्री आठ ते सकाळी आठ असे बारा तास पोट रिकामे राहिले की रक्तातील साखर उतरू शकते आणि मलूलपणा, थरथर, डोलत चालणे ही त्याचीच लक्षणे असतात. हे प्रकरण वेळेत लक्षात आले नाही तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. पुन्हा तसे दिसल्यास बोटावर थोडा मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी घेऊन हिरड्यांवर चोळावे, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, आणि लगेच दवाखाना गाठावा. दोनदा घडून गेले आहे, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर हे उद्याच घाला. खाणे दोन वेळांवरून चार वेळांवर आणा: सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री साडेदहा. पुढे ती वाढेल तसे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा पुरते.

आता तक्ता. छोट्या पिल्लांच्या बहुतेक पाकिटांवर डावीकडे जे किलो छापलेले असतात ते पिल्लाचे आजचे वजन नसून ते मोठे झाल्यावर जितके भरेल ते अपेक्षित वजन असते. आज २ किलोचे पिल्लू २ किलोच्या ओळीत बसवले की मोजमाप पहिल्याच पायरीवर चुकते. आपल्या पाकिटावर तसेच असणार असा माझा अंदाज आहे, एकदा वाचून पाहा.

मग मोठेपणीचे वजन कसे ठरवायचे? छोट्या जाती साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास प्रौढ वजनाच्या निम्म्याच्या आसपास पोहोचतात. त्या मानाने तुमची पिल्ली साडेचार ते पाच किलोंपर्यंत जावी. खरा पॉमेरियन जेमतेम ३ किलोंच्या आसपास राहतो. आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरियन म्हटले जाते तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो आणि त्याचा लहान प्रकार ५ ते ७ किलोंचा भरतो. यात वाईट काही नाही, तो आपल्या हवेत चांगला रुळलेला कुत्रा आहे. मात्र पॉमेरियनच्या मापाने त्याला वाढले तर तो उपाशी राहील.

तक्त्याची पडताळणी घरीही करता येते. वजनाचा घन करा, त्याचे वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि त्याला ७० ने गुणा. विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला दिवसभरात लागणारी ऊर्जा ही एवढी. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला तिच्या तिप्पट आणि त्यानंतर दुप्पट लागते. २.१ किलोंसाठी विश्रांतीचा आकडा सुमारे १२२ आणि तिप्पट केल्यावर ३६६ किलोकॅलरी येतो. खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३८० किलोकॅलरी असतील (पाकिटावर कुठेतरी बारीक अक्षरांत हा आकडा असतो), तर हे ९६ ग्रॅम झाले. म्हणजे तुम्ही जवळजवळ निम्मेच देत आहात आणि तिचे घुटमळणे ही खरी भूक आहे. एकदम दुप्पट मात्र करू नका, पोट बिघडेल. पाच-सहा दिवसांत थोडेथोडे वाढवत ९० पर्यंत या. बाकीची जागा खाऊसाठी राहू द्या.

ही सारी गणिते सुरुवातीपुरती आहेत, कारण एकाच वजनाच्या दोन पिल्लांची गरजही बरीच वेगळी असू शकते. खरा निर्णय हातांनी करायचा. स्पिट्झच्या केसांखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोन्ही तळवे तिच्या कुशीवर हलकेच फिरवा. बरगड्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत, पण टोचता कामा नयेत. आपल्या उलट्या तळहाताच्या हाडांवरून बोट फिरवल्यावर जसे लागते तसे. वरून पाहता कंबर आत गेलेली आणि बाजूने पाहता पोट किंचित वर चढलेले असावे. शोधूनही बरगडी सापडत नसेल तर दहा टक्के कमी करा, टोचत असेल तर तेवढेच वाढवा, आणि मग आठवडाभर थांबा.

कळवा_पूर्व (ठाणे)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. सासूबाईंविषयी मात्र आवर्जून लिहावेसे वाटते. पिल्लू उपाशी आहे हे त्यांनी बरोबर ओळखले होते, फक्त उपाय चुकला, म्हणून त्यांना बाजूला सारू नका; दुपारचे आणि संध्याकाळचे खाणे त्यांच्याच हाती सोपवा. सकाळी काट्यावर मोजून चार डब्यांत भरून ठेवले की वाढताना अंदाज करावा लागत नाही. वाटीने मोजू नका, कारण लहान-मोठ्या दाण्यांनी तीच वाटी दर वेळी वेगळी भरते.

पातळ शीचे कारण बहुधा दूध असावे. आईचे दूध सुटल्यावर दुधातील साखर पचवण्याची शक्ती घटत जाते. ताजे दही चमचाभर चालते. खाऊ कोणताही असो, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे; ३६६ चे दहा टक्के म्हणजे दोन बिस्किटांतच तो वाटा संपतो. द्राक्षे, शिऱ्यातले बेदाणे, कांदा-लसूण घातलेली भाजी आणि चॉकलेट हे तर मुळीच नको. संपूर्ण आहाराचे पाकीट देत असताना वरून कॅल्शियमचे सिरपही देऊ नये. घरचा चिकन-भात पूर्ण आहार म्हणून देण्याचा विचार असेल, तर त्यात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस त्या मानाने जास्त असतो हे ध्यानात ठेवा. तो डॉक्टरांकडून नीट आखून घ्यावा लागतो.

वाटी दिवसभर भरून ठेवू नये. पावसाळ्यात आपल्याकडे उघडे खाद्य तासा-दोन तासांत सादळते, मुंग्या लागतात, आणि तिने कधी किती खाल्ले ते तुम्हाला कळत नाही. वीस मिनिटांनी वाटी उचला. एखादी वेळ तिने तोंड लावले नाही, तर ते त्याच दिवशी लक्षात येणे तिच्या वयात महत्त्वाचे आहे.

वाशी_से१७

पोट गोल आणि बरगड्या हाताला टोचणाऱ्या असे असेल तर खाणे वाढवण्याआधी जंतांचा विचार करा. तीन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला जंताचे औषध वजनानुसार द्यायचे असते. शेवटचे कधी दिले ते तिच्या कार्डावर पाहा.

घोडबंदर_ओवळा (ठाणे)

सोळा दिवसांनी लिहीत आहे. तक्ता खरोखरच प्रौढ वजनाचाच निघाला. बारीक अक्षरांत तसे छापले होते आणि मी ते वाचले नव्हते, याचे मनापासून वाईट वाटते. डॉक्टरांनी साखर तपासली, जंताचे औषधही दिले. चार वेळा मिळून ९० ग्रॅम सुरू केल्यापासून थरथर एकदाही झालेली नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास सासूबाई खुर्चीतून उठल्या की ती डब्यापाशी जाऊन बसते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून वजन केले, २.४ किलो भरले.

आता ती चार महिन्यांची झाली. दुपटीचा हिशेब केला तर २७० किलोकॅलरी, म्हणजे ७१ ग्रॅमच येतात. आजपासून खाणे एकदम कमी करायचे का?

नेरूळ_खाडीकाठ (नवी मुंबई)

नाही, ताई. चार महिन्यांची रेघ पुस्तकात आहे, तिच्या शरीरात ती एका रात्रीत उमटत नाही. बरगड्या नीट लागत असतील तर ९० वरच थांबा आणि तिला त्या ९० ग्रॅमपर्यंत वाढू द्या. ती ३.३ किलोंची होईल तेव्हा दुपटीचा हिशेब आपोआप ९० ग्रॅमवरच येतो. मध्येच कंबर भरल्यासारखी वाटली तर ८० करा. दर रविवारी त्याच टोपलीत, सकाळच्या खाण्याआधी वजन करून कार्डाच्या मागे लिहून ठेवा.