मल्टिक्लाससाठी (एकाच पात्राने दोन क्लास, म्हणजे दोन पेशे घेणं) कुठले हाउस रूल (आपल्या टेबलापुरते नियम) लावता?

शनिवारची_टोळी: आमचा डी अँड डी फाइव्ह-ईचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमची पाचवी आवृत्ती) गेम सुरू आहे, रूल्स २०१४चे. एकाने पॅलाडिन ६ वर (पवित्र योद्ध्याच्या क्लासच्या सहा लेव्हल) हेक्सब्लेड वॉरलॉकची (जादूवाल्या क्लासची शस्त्र चालवणारी सबक्लास, म्हणजे उपशाखा) एकच लेव्हल घेतली आणि आता त्याची तलवार करिझ्मावर (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा स्कोअर), स्पेल करिझ्मावर, ऑरापण (आसपासच्या साथीदारांना मिळणारं संरक्षण) करिझ्मावरच, आणि शेजारी आमची फायटर ४ विझर्ड ३ वाली मैत्रीण, सातव्या लेव्हलला तिच्याकडे ना एक्स्ट्रा अटॅक (एका टर्नला जादा वार) ना फायरबॉल (आगीचा मोठा स्पेल), बिचारी गप्प बसून असते. मल्टिक्लास बंदच करू का?

नटवीस: बंद नको रे! गडबड एका लेव्हलच्या उडीत आहे. हेक्सब्लेडचं ते करिझ्मावालं फीचर वॉरलॉक ३ ला ने, मग त्याला खरंच किंमत मोजावी लागेल. २०२४च्या रूल्समध्येही सगळ्या सबक्लास तिसऱ्या लेव्हलला गेल्यात. स्माइट (पॅलाडिनचा वारासोबतचा जादा दैवी फटका) पण एका टर्नला एकदाच ठेव.

कोकणचा_डीएम: स्माइटचं पटलं, पण चालू गेममध्ये कुणाच्या हातातलं काढून घेऊ नकोस, मन खट्टू होतं. नवा रूल पुढच्या कॅम्पेनपासून (पुढच्या नव्या कथेपासून) लाव. आधी मैत्रिणीकडे बघ, तिला फायटर २ विझर्ड ५ असं बदलू दे. सबक्लास जाईल फायटरची, पण अ‍ॅक्शन सर्ज (एका टर्नला जादा अ‍ॅक्शन) राहतो, फायरबॉल येतो, आणि अ‍ॅबिलिटी स्कोअरची वाढ विझर्ड ४ ला मिळतेच, म्हणजे तीही बुडत नाही.

शनिवारची_टोळी: अरे हे भारीए, आजच विचारतो तिला. स्माइटचं त्याच्याशी बोलून ठरवतो.