मदत हवी आहे: बाबांनी चालायला जायचं कुठे?

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. बाबा ६६ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, आजोबा हार्ट अटॅकने गेलेले. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. बाबा शिस्तीचे, पहाटे साडेपाचला निघतात, तेही मुख्य रस्त्यानेच. घोडं तिथेच अडलंय. थंडीत पहाटे गार हवा खाली बसून राहते, धूर-धूळ तिच्यातच अडकते. पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण; त्यातले अगदी बारीक कण फुप्फुसातून रक्तापर्यंत पोचतात. म्हणजे हृदयासाठी चालायचं आणि हृदयालाच त्रास! या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम, आपल्याकडची ४०. त्यामुळे हवेची प्रत दाखवणाऱ्या ॲपवर हिरवं दिसलं तरी मला धीर येत नाही.

पर्वतीच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. तळजईला उन्हं वर आल्यावर, आठनंतर गेलं तर गर्दी कितपत असते? सपाट वाट मिळेल का? एन-९५ मास्क लावून चालणारं कुणी आहे का इथे, दम लागतो का?

आणि मीठ! दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. लोणच्याची बरणी लपवून झाली, बाबांनी दोन दिवसांत शोधली. तुमच्याकडे काय उपाय चालला?