आईची अल्प्राझोलामची गुंगी उतरत नाहीये, मदत हवी आहे

कृष्णाकाठ: आई चिंतेसाठी अल्प्राझोलाम घेते. परवापासून सकाळी उशिरापर्यंत डोळे उघडत नाही, उठली की तोल जातो, जीभ जड. डोस तोच आहे. गोळी बनावट असेल का? कशी ओळखायची? लवकर सांगा.

मिरजेचा_मामा: वय? किती मिलिग्रॅम? बाकी औषधं कुठली? काहीच लिहिलं नाही तर सांगायचं काय?

रोज_योग: आजच बंद करा ती गोळी! आमच्या सासूबाई दुधातून अश्वगंधा घेतात, छान झोप लागते.

मिरजेचा_मामा: ताई, असलं सांगू नका. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम तोडली तर झटके येतात. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

कृष्णाकाठ: वय ७१. रात्री ०.२५. बीपीची एक गोळी. बाकी काही नाही.

विटेकर: क्लोनाझेपाम करून घ्या, मला तीच लागू पडली.

कुपवाड_फार्मसी: विटेकर, ती तर ३०-४० तासांनी निम्मी उतरते, गुंगी वाढेल. अल्प्राझोलामला तरुणात साधारण ११ तास लागतात, म्हातारपणी १६च्या आसपास. दादा, नवीन काही सुरू केलंय का? अँटिबायोटिक, बुरशीचं औषध?

कृष्णाकाठ: गजकर्णासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल चालू आहेत. पण त्या त्वचेच्या ना?

कुपवाड_फार्मसी: तेच कारण दिसतंय. अल्प्राझोलामला यकृतातलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम मोडतं, आणि इट्राकोनाझोल त्या एन्झाइमलाच अडवतं. कालची गोळी अंगात असतानाच आजची पडते, साठा वाढतो. ही दोन औषधं एकत्र द्यायची नाहीत, अल्प्राझोलामच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. कॅप्सूल थांबवली तरी तिचा असर बरेच दिवस राहतो. काय थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील, पुढचा डोस द्यायच्या आधी फोन करा. हाक मारून जागी होत नसेल किंवा श्वास मंद वाटला तर थेट दवाखाना.

रोज_योग: म्हणजे शेवटी गोळ्यांचाच दोष ना?

मिरजेचा_मामा: दोष दोन डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी न दाखवण्याचा आहे.

हळदीचं_पेव: गजकर्ण असेल तर घरात सगळ्यांचे टॉवेल वेगळे ठेवा. स्टिरॉइडचं मलम तर अजिबात लावू नका.

कृष्णाकाठ: फोन लागला. सगळी पाकिटं घेऊन लगेच या म्हणाले. रिक्षा बघतोय.

मिरजेचा_मामा: कुणीतरी शेजारी बसा, धरून न्या. पोचलात की इथं कळवा.