सब टीचिंगसाठी (बदली शिक्षकाच्या कामासाठी) पैसे भरून जॉब अलर्ट: घ्यावा का? आणि हे बरोबर आहे का?

निळी_छत्री:
न्यू जर्सीचं सब्स्टिट्यूट क्रेडेन्शियल (बदली शिक्षक, म्हणजे ‘सब’, व्हायचा परवाना) हातात आलंय, मिडलसेक्स काउंटीतल्या दोन डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या) यादीत नावही लागलंय. दोन्हीकडे सबना कामं वाटायला फ्रंटलाइन (पूर्वीचं एसॉप) ही ऑनलाइन यंत्रणा आहे. साइट उघडावी तर यादी रिकामी, नाहीतर एखादं काम दिसतं आणि ॲक्सेप्ट दाबेपर्यंत कुणीतरी उचललेलं असतं. बाकीचे सब वर्गणी भरून अलर्टचं ॲप वापरतात असं कळलं. क्रेडेन्शियलच्या अर्जाचे १२५ डॉलर, बोटांचे ठसे, भारतातल्या डिग्रीचं इव्हॅल्युएशन, एवढं सगळं पदरचं भरून झाल्यावर आता कामाची नुसती खबर लागायलाही पैसे? ह्याने खरंच फरक पडतो का? आणि डिस्ट्रिक्ट हे चालू कसं देतात?

घंटा_झाली:
आधी काम तुमच्यापर्यंत कसं येतं ते बघा, मग अलर्ट कुठे उपयोगी पडतो ते आपोआप कळेल.

शिक्षकाने रजा टाकली की पहिला प्रश्न: त्याने कुणाला नावानिशी सांगून ठेवलंय का? असेल तर ते काम थेट त्या सबच्या नावावर चढतं, बाकी कुणाला दिसतच नाही. नसेल तर ते शाळेच्या आणि शिक्षकाच्या पसंतीच्या यादीतल्यांना आधी दिसतं. किती आधी, ते डिस्ट्रिक्ट ठरवतं. तेवढा वेळ उलटूनही काम उरलं तर ते सगळ्यांसाठी खुलं होतं, आणि फोनची वेळ झाली की यंत्र एकेकाला फोन लावायला लागतं.

पसंतीच्या यादीत नसलेल्याला पैसे भरून घेतलेला अलर्ट फक्त ह्या शेवटच्या टप्प्यात कामाचा. तुमच्या लॉगिनला जे दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही. तुम्ही दर दोन मिनिटांनी पान रिफ्रेश करता, तो काही सेकंदांनी करतो, एवढंच. म्हणजे तुम्ही पसंतीच्या कुठल्याच यादीत नसाल तर उरलंसुरलं लवकर दिसण्यासाठी पैसे भरताय.

फुकटातलं आधी नीट लावून घ्या:

– प्रेफरन्सेसमध्ये शाळांची यादी तपासा. चुकून एखादी शाळा वगळलेली असेल तर तिथली कामं दिसणारच नाहीत.
– नॉन-वर्क डे उगाच टाकून ठेवू नका. त्या दिवसाचं काम तुम्हाला विचारलं जात नाही.
– यंत्राचा फोन आला की मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा. आवाज ऐकू येईपर्यंत ते पुढे बोलत नाही, आणि बरेचजण स्पॅम समजून तेवढ्यात ठेवून देतात. मग १ दाबून काम ऐका. २ दाबलंत तर आज पुन्हा फोन नाही. ९ दाबलंत तर कधीच नाही! ‘मला फोनच येत नाहीत’ ह्या तक्रारीत बरेचदा हे ९ निघतं. सब कोऑर्डिनेटरला सांगून ते परत चालू करून घ्यावं लागतं.
– डिस्ट्रिक्टचा नंबर नावाने सेव्ह करा आणि रात्रीच्या डू नॉट डिस्टर्बमधून वगळा. पहाटेचे फोन तिथेच अडकतात.

तेरा_चा_पाढा:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण अलर्ट अगदीच निरुपयोगी म्हणू नका. दिवसाला १३० डॉलर मिळतात असं धरा. वर्षाच्या वर्गणीपेक्षा एका दिवसाचा पगार बहुधा जास्तच भरेल. वर्षात एक जादा दिवस मिळाला तरी पैसे वसूल. मात्र तो दिवस अलर्टमुळेच मिळाला पाहिजे. दोन आठवडे वहीत लिहून ठेवा: काम किती वाजता दिसलं, तुम्ही किती वाजता दाबलं, गेलं की मिळालं. सगळी कामं दिसल्यापासून मिनिटाभरात उडत असतील तर अलर्टने फरक पडेल. तासन् तास पडून राहत असतील तर तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये सबच कमी आहेत, पैसे कशाला घालवता?

आणि वर्गणी टॅक्समध्ये दाखवू म्हणाल तर विसरा. डब्ल्यू-२ वर (म्हणजे पगारी नोकर म्हणून) काम करणाऱ्याला असा खर्च फेडरल रिटर्नमध्ये २०१८ पासून वजा करता येत नाही.

निळी_छत्री:
धन्यवाद दोघांनाही. ९ दाबलेलं नाही. :) शाळांच्या यादीत मात्र दोन मिडल स्कूल वगळलेल्या निघाल्या. एका अलर्ट ॲपमध्ये ‘आपोआप ॲक्सेप्ट’ अशी सोय दिसतेय, ती चालू करावी का?

वायरमन_अण्णा:
नको. फिल्टर कितीही बारीक लावा, रजेची नोंद करणाऱ्याने अर्धा दिवस की पूर्ण हे चुकीचं भरलं, किंवा ‘पॅराप्रोफेशनल’ची (वर्गातल्या मदतनिसाची) जागा शिक्षकाच्या नावाखाली टाकली, की ॲप डोळे मिटून ते काम घेऊन टाकतं. तुम्हाला कळतं सकाळी सहाला. मग रद्द करायचं. ऐन वेळचं रद्द करणं बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये साइटवरून होतच नाही, फोन करावा लागतो, आणि वारंवार झालं की नाव खटकायला लागतं.

बाहेरच्या कंपनीचं ॲप असेल तर ते तुमचा आयडी आणि पासवर्ड घेऊन तुमच्या नावाने लॉगिन करतं. तेव्हा निदान हा पासवर्ड बँकेचा किंवा ईमेलचा नको. डिस्ट्रिक्टच्या सब हँडबुकमध्ये ‘ऑटोमेटेड’ साधनांबद्दल काही लिहिलंय का ते बघा. मनाई असेल तर खातं बंद पडल्यावर तुमची बाजू कुणी घेणार नाही.

पैसे भरूनही अलर्ट येत नसेल तर दोष बहुतेक फोनचा. अँड्रॉइडवर बॅटरी सेव्हर मागे चालणारी ॲप झोपवतो. त्या ॲपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. आयफोनवर फोकस मोड तपासा. फ्रंटलाइनचा पासवर्ड बदललात तर अलर्टच्या ॲपमध्येही बदला, नाहीतर ते गुपचूप बंद पडतं आणि वर्गणी मात्र कापली जाते.

काम मिळालं असं कधी मानायचं? कन्फर्मेशन नंबर आल्यावरच. नोटिफिकेशन म्हणजे काम नव्हे.

घंटा_झाली:
‘हे बरोबर आहे का’ ह्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं.

माझ्या मते नाही. शाळेत त्या दिवशी जितके शिक्षक गैरहजर तितकीच कामं. अलर्टने त्यात एकाची भर पडत नाही, फक्त कुणाला मिळणार ते बदलतं. दहा जणांतल्या एकाने घेतला तर तो पुढे. दहाही जणांनी घेतला तर सगळे पुन्हा जिथल्या तिथे, फक्त प्रत्येकाच्या खिशातून वर्गणी गेलेली. रोजंदारीवरच्या माणसाकडून हे घेणं जास्तच टोचतं. त्यातही जॉब्युलेटरसारखं पैसे घेणारं अलर्ट ॲप फ्रंटलाइनच्याच घरात गेलं. एकीकडे डिस्ट्रिक्टला यंत्रणा विकायची, दुसरीकडे त्याच यंत्रणेत लवकर डोकवायचे पैसे सबकडून घ्यायचे. नियमबाह्य म्हणत नाही मी, पण रेशनच्या रांगेत पुढे उभं करायचे पैसे दुकानदारानेच घ्यावेत तसं आहे हे.

डिस्ट्रिक्टला सब मिळाला की त्यांचं काम झालं. तो कुठल्या ॲपने आला ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, म्हणून ते चालू देतात. सब कोऑर्डिनेटरला दोन गोष्टी मात्र लेखी विचारता येतात: फ्रंटलाइनचं फुकटचं मोबाइल ॲप आमच्यासाठी चालू आहे का, आणि पसंतीच्या यादीला किती आधी कामं दिसतात? दुसऱ्याचं उत्तर ‘दोन दिवस’ आलं तर अलर्टचा विचार सोडा आणि यादीत शिरायच्या मागे लागा. दिवस संपल्यावर शिक्षकासाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी ठेवा: धड्यातलं किती झालं, काय राहिलं, कोण गैरहजर होतं, खाली नाव आणि फोन. ऑफिसातल्या सेक्रेटरीला जाताना सांगून जा, की ह्या शाळेच्या यादीत नाव घाला. डिस्ट्रिक्टने तिला मुभा दिली असेल तर ती ते तिथल्या तिथे करू शकते.

निळी_छत्री:
कोऑर्डिनेटरला ईमेल टाकलं. दोन आठवड्यांची वही झाली की आकडे इथेच लिहीन.