परदेशात राहतो म्हणून निवडणुकीवर बोलायचं नाही का?

जर्सीकर
परवा एका महाशयांनी लिहिलं, "ज्यांना बोटाला शाई लावून घ्यायला येणं जमत नाही त्यांनी निकालाच्या दिवशी अक्कल पाजळू नये, डॉलर मोजा नि गप्प बसा." डोकंच फिरलं. 22 नोव्हेंबर 2024, आमच्याकडे न्यू जर्सीत शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ, तिकडे शनिवारचे सकाळचे आठ, महाराष्ट्र विधानसभेची पोस्टल मतं उघडायला लागलेली. लॅपटॉपवर मराठी चॅनल, मोबाईलवर आयोगाची साइट रिफ्रेश करतोय, आणि कानाला आईचा फोन. ती म्हणे, कल-बिल सोड, आज पण नळाला पाणी नाही आलं. आता आई तिथे, घर तिथे, आणि मी बोलायचं नाही?

बांधावरचा
ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी 30 जागा, महायुती 17. पाच महिन्यांत विधानसभेला युती 288 पैकी 230. मधे काय घडलं ते तुम्हाला तिथून कळलं? माझ्या वहिनीच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आले त्या दिवशी ती बँकेतून हसत आली, मला तेव्हाच वारं कळलं. तुमच्या ग्रुपवर मात्र नोव्हेंबरभर "काँटे की टक्कर"!

जर्सीकर
वहिनींवरून अख्ख्या राज्याचा निकाल ओळखला, धन्य. तिथल्या वाऱ्याने लोकसभेच्या वेळी कुठे तोंड लपवलं होतं?

सहा_अ
तुम्ही दोघं भांडा, पण "येणं जमत नाही" हे फार सोपं करून सांगताय. 2010 च्या कायदादुरुस्तीने अनिवासींना मताचा हक्क मिळाला, फॉर्म 6अ भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर व्हायचं. मग 2024 च्या लोकसभेला सव्वा लाखाच्या आतबाहेर नोंदलेले आणि प्रत्यक्ष मत दिलेले तीन हजारसुद्धा नाहीत, यात नवल काय? प्रॉक्सीचं, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यायचं, बिल 2018 ला लोकसभेत पास झालं, राज्यसभेत अडकलं आणि लोकसभा विसर्जित झाली तसं तेही गेलं. सैनिकांना पोस्टाने मत देता येतं, आम्हाला नाही.

खाडीपार
त्या तीन हजारांत बहुतेक केरळवाले, तेही लिहा की. ती माणसं आखातातून विमानं भरून जातात. आणि एनआरआय म्हटलं की तुम्हा सगळ्यांना न्यू जर्सीच का दिसते? मी दुबईत सोळा वर्षं आहे, नोकरी सुटली की व्हिसा गेला आणि बॅग भरून घरी. इथलं नागरिकत्व आम्हाला कधी मिळणार नाही. परदेशी नागरिक होऊन ओसीआय कार्ड घेतलेल्यांनी मतावरून गळा काढू नये, तुम्ही पासपोर्ट बदललात तेव्हाच मत सोडलंत.

तात्या_टोरांटो
आम्ही काय हौसेने बदलला का पासपोर्ट? असो. मी 2019 ला सुट्टीवर होतो, नाव जुन्याच यादीत होतं, जुनं कार्ड दाखवून मत देऊन आलो. कुणी काही विचारलं नाही.

सहा_अ
तात्या, हे अभिमानाने सांगताय? तेव्हा पासपोर्ट बदललेला असेल तर हा सरळ गुन्हा आहे.

तात्या_टोरांटो
पीआर, म्हणजे नुसता कायम रहिवासी होतो हो तेव्हा, पासपोर्ट भारताचाच होता!

सहा_अ
तरी साधा मतदार म्हणून नाव ठेवता येत नाही, बाहेर राहत असाल तर 6अ.

बांधावरचा
घ्या! इथे जिवंत माणसाचं नाव सापडत नाही आणि टोरांटोचे तात्या हजर. माझी बायको आमच्याच गल्लीत राहते, लोकसभेला मत दिलं, विधानसभेला नाव गायब. मतदार यादी बघणारा बीएलओ म्हणे "स्थलांतरित". कुठे? माहेरी पण गेली नव्हती बिचारी. आणि आमचे आजोबा वारून अकरा वर्षं झाली, ते यादीत ठणठणीत.

दादर_पश्चिम
माझं उलट झालं, नाव होतं. लोकसभेला 20 मे ला मुंबईत दोन तास रांगेत, ऊन रणरणतंय, मोबाईल आत न्यायचा नाही म्हणे, मग ठेवायचा कुठे तर त्याची सोय नाही. मागच्या बाईंनी माझा फोन सांभाळला, मी त्यांचा. आत जाऊन मत द्यायला जेमतेम मिनिट लागलं. हे असं करणाऱ्याला राग येणारच ना एसीत बसून "लोकशाही मेली" लिहिणाऱ्यांचा.

जर्सीकर
रांगेचं मान्य. खरंच मान्य. पण राग आयोगावर काढा ना, माझ्यावर कशाला? आणि बांधावरच्या, तुझ्या बायकोचं नाव गेलं ते तू कधी तपासलंस?

बांधावरचा
मतदानाच्या सकाळी. बोल आता, ऐकवून घे.

खाडीपार
हा हा, आणि म्हणे वारं कळतं!

बांधावरचा
बरं बाबांनो, बघा निकाल, जागा रात्रभर, लिहा निबंध, माझं काही जात नाही. फक्त आधी आईला पाणी आलं का ते विचारत जा.
सहा_अ, तो नाव काढायचा फॉर्म 7 ऑनलाइन भरता येतो का? आजोबांचा भरायचाय.