'कर्नल हॅकिंग' मेनूतलं सगळं चालू केलं, आता पीसी उठेना. नेमकं काय ठेवायचं?

टॉवेलवाला · मंगळवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. लूमचे कंट्रोल बॉक्स, जकार्डची (विणताना नक्षी काढणाऱ्या यंत्राची) कार्डं, पॉवर सप्लाय, असलं काम. प्रोग्रॅमर नाही. सी वाचता येतं, लिहायला बसलो की घाम फुटतो. फोनवर मराठी कीबोर्डनेच लिहितोय, कमांड समजून घ्या.

एका टॉवेलच्या शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक जकार्डला डिझाइन पाठवणारा पीसी आहे. डेबियन १२ (लिनक्स), कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.१, दोन कोअरचा जुना आय-थ्री, ८ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी. आत एक पीसीआय कार्ड. विकणाऱ्याने ड्रायव्हर सोर्ससकट दिला आणि त्यानंतर फोन उचलणं बंद केलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

सकाळी सगळं झकास. दोन-तीन तास लूम चालली की पीसी गोठतो. माउस हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही, बटण दाबूनच बंद करावा लागतो. टॉवेलवरचं फूल अर्ध्यात थांबतं आणि तो नग सेकंडच्या ढिगात जातो. शेडचे अण्णा सगळा दोष उन्हाला देत होते, आणि एप्रिलात पत्र्याखाली उभं राहिलं की त्यांचं खरंही वाटतं. म्हणून पंखा लावला, रॅम बदलली, रात्रभर मेमटेस्ट चालवली. काही निघालं नाही. रीस्टार्टनंतर लॉग बघावा तर गोठायच्या आधीच तो तुटलेला.

कुणीतरी म्हणालं, दोष शोधायच्या सोयी चालू असलेला डीबग कर्नल बनव. /बूटमधली चालू कॉन्फिग उचलली, 'मेक मेन्यूकॉन्फिग' केलं, 'कर्नल हॅकिंग'मध्ये शिरलो आणि पंगतीत बसल्यागत सगळंच वाढून घेतलं. नाव भारी दिसलं की दाब स्पेसबार.

पहिल्यांदा पाचव्या मिनिटाला सर्टिफिकेटची कुठलीतरी पेम फाइल सापडत नाही म्हणून थांबलं. ती ओळ रिकामी केली. दुसऱ्यांदा नऊ तास चाललं आणि अगदी शेवटी 'पाहोल' नावाचं काहीतरी मेमरी संपून मेलं. तिसऱ्यांदा पाहोल ज्यासाठी चालतं ते बीटीएफ बंद केलं, मग बनलं, पण इनिटआरडी (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) एवढी फुगली की /बूटच्या पार्टिशनमध्ये मावेना. जुने कर्नल काढून कशीबशी बसवली, तर पीसी लॉगिनपर्यंत यायलाच चहा पिऊन होतो. लूम जोडायची हिंमतच झाली नाही.

गोठणं पकडायला यातलं नेमकं काय चालू ठेवू?

---

भवानीपेठकर · बुधवार, सकाळी ७.१५

काय करलालाव बे अण्णा! (मूळचा भवानी पेठेतला, आता पुण्यात एम्बेडेडच्या कामात. सोलापूर दिसलं की राहवत नाही.)

तुमची खरी चूक मेनूत झालेली नाही. ती त्याच्या आधीच झाली. डेबियनची कॉन्फिग जगातल्या झाडून सगळ्या हार्डवेअरसाठी असते, हजारो मॉड्यूल (कर्नलला जोडायचे सुटे भाग, जसे ड्रायव्हर). त्या सगळ्यांचं डीबग-बाड तुम्ही दोन कोअरवर दळत बसलात. आधी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' करा. आत्ता या मशीनवर जी मॉड्यूल लोड आहेत तेवढीच ठेवतं, बाकी गाळतं. पण करताना कार्ड, केबल, प्रिंटर, जे लागतं ते सगळं जोडलेलं पाहिजे. त्या क्षणी जे लोड नाही ते तुमच्या मशीनवर नाहीच, असं ते धरून चालतं.

आता पर्याय. प्रत्येक पर्यायाची किंमत वेगळ्या खिशातून जाते, हे धरून मेनू वाचा.

डीबग_इन्फो डिस्क खातं, वेग खात नाही. कर्नल चालताना त्याचा भार शून्य. इनिटआरडी फुगली ती याच्यामुळे, कारण मॉड्यूलमध्ये डीबगची माहिती तशीच राहिली. 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल'च्या आधी 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' लावा, बसवलेली मॉड्यूल सडपातळ होतात. बिल्ड फोल्डरमधली व्हीएमलिनक्स फाइल मात्र जपून ठेवा. पुढे पत्त्यावरून ओळ शोधायला तीच लागणार. पाहोल बीटीएफसाठी लागतं. बीपीएफची साधनं वापरत नसाल तर ते बंद केलंत ते बरोबरच.

केएसॅन, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारा पर्याय, दोन खिशांतून घेतं. साधा केएसॅन मेमरीचा आठवा हिस्सा सावलीसाठी बाजूला काढतो, म्हणजे तुमच्या ८ जीबीतला एक जीबी गेला. वर प्रत्येक वाचन-लेखनाला तपासणी, त्यामुळे वेग मरतो. मोकळी केलेली मेमरी कुणी परत वापरतंय का, हद्दीबाहेर कुणी लिहितंय का, हे पकडायला त्याच्यासारखं हत्यार नाही. पण लूमसारख्या वेळेवर चालणाऱ्या कामात तो असला की वेळच बदलते आणि कधीकधी दोषच लपून बसतो. त्याला दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

मला वास येतोय तो वेगळ्याच गोष्टीचा. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही म्हणजे इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला मारलेल्या तातडीच्या हाका) अडकलेत. ड्रायव्हर इंटरप्टमध्ये असताना झोपायला गेला असेल, म्हणजे कशाची तरी वाट बघत थांबला असेल. डीबग_ॲटॉमिक_स्लीप चालू करा. अगदी स्वस्त आहे, आणि असल्या घरगुती ड्रायव्हरांचे निम्मे रोग त्यातच सापडतात, हा माझा अनुभव. जोडीला हार्डलॉकअप_डिटेक्टर (गोठलेला सीपीयू ओळखणारा), आणि बूटच्या ओळीत 'एनएमआय_वॉचडॉग=पॅनिक'. म्हणजे गोठल्यावर निदान मरताना ओरडेल तरी.

मेन्यूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबलं की नावाने शोधता येतं, आणि निकालापुढचा आकडा दाबला की थेट त्या जागी नेतं. सगळा मेनू चाळत बसू नका. लोकलव्हर्जनमध्ये '-तपास' असं काहीतरी शेपूट जोडा, नाहीतर बूट मेनूत कुठला कर्नल कुठला ते कळायचं नाही.

आणि तुमचा ड्रायव्हर या नव्या कर्नलवर पुन्हा बनवा. जुनी केओ फाइल (बनवलेलं मॉड्यूल) लोड होणार नाही, आणि जबरदस्तीने करूही नका.

---

सिरीयल_पोर्ट · बुधवार, दुपारी १.०५

एवढं कशाला? केजीडीबी (कर्नलच्या आत बघायचा डीबगर) चालू करा, गोठला की जीडीबीने आत शिरा.

---

भवानीपेठकर · बुधवार, दुपारी १.२०

शिरणार कुठून? इंटरप्टच बंद असतील तर सिसआरक्यूची (आणीबाणीची) कळही ऐकू जाणार नाही. शिवाय दुसरं मशीन, मध्ये सिरीयल केबल, आणि समोर अण्णा घड्याळ बघत उभे. केजीडीबी टेबलावर छान, शेडमध्ये नाही.

---

जुळे_सोलापूर_७७ · बुधवार, रात्री ९.३०

एक राहिलं. इशारा आला तरी तो वाचणार कुठे? लॉग डिस्कवर उतरायच्या आत मशीन मेलं तर हात रिकामेच. नेटकन्सोल वापरा. कर्नलचे संदेश सरळ नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला यूडीपीने जातात, मधे डिस्क नाही. मॉड्यूल लोड करताना इकडचा आयपी आणि इंटरफेस, तिकडचा आयपी आणि मॅक (नेटवर्क कार्डाचा) पत्ता द्यायचा. तिकडे लॅपटॉपवर 'एनसी' (नेटकॅट) लावून ६६६६ पोर्टवर कान देऊन बसायचं. केबलच पाहिजे, वायफायच्या भरवशावर राहू नका. आणि 'डीमेसेग -एन ८' करायला विसरू नका, नाहीतर कन्सोलची पातळी खाली असते आणि अर्धे संदेश निघतच नाहीत. मी एकदा दोन दिवस कोऱ्या खिडकीकडे बघत बसलो होतो.

---

टॉवेलवाला · शुक्रवार, रात्री १२.२०

दोघांचे आभार. क्रमाने सांगतो, कारण मधे एक फजिती झाली.

लोकलमॉडकॉन्फिगनंतर तोच आय-थ्री पन्नास मिनिटांत मोकळा. नऊ तासांवरून पन्नास मिनिटं! बायको म्हणाली, आज पंख्याचा आवाज कमी आहे. इनिटआरडीपण आवाक्यात. खुशीत शेडमध्ये गेलो, नवा कर्नल लावला. डिझाइनवाला पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला, घुसवला, आणि माउंटच होईना. मी कॉन्फिग गाळली तेव्हा पेनड्राइव्ह लावलेलाच नव्हता, म्हणून व्हीफॅट (पेनड्राइव्हची फाइल सिस्टीम) गेलं, त्याच्यासोबतचं ४३७ नंबरचं कोडपेज गेलं. भवानीपेठकरांनी बजावलं होतं, पण माझ्या डोक्यात कार्ड आणि केबल एवढंच. या शेडमध्ये डिझाइन येतं ते पेनड्राइव्हनेच. जुन्या कर्नलवर परत आलो, पेनड्राइव्ह लावून ठेवला आणि कॉन्फिग नव्याने गाळली. पुन्हा पन्नास मिनिटं, अण्णांच्या दोन शिव्या, एक तेलुगूत.

नेटकन्सोलला लॅपटॉप जोडला आणि लूम चालू केली. म्हटलं दोन-तीन तास निश्चिंती, डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी. पहिला घास तोंडात आणि लॅपटॉपवर धबधबा. पीसी गोठलेला नाही, लूम चालू आहे, आणि तरी संदेश:

बग: स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट. खाली इन_ॲटॉमिक १, आयआरक्यूज_डिसेबल्ड १.

शेजारी बघतो तर ताण्याचं एक सूत तुटलेलं, कामगार गाठ मारत होता. मला शंका आली. त्याला म्हटलं, अजून एक तोड. तो माझ्याकडे येड्यासारखा बघायला लागला. मीच कात्रीने एक सूत कापलं. लॅपटॉपवर तोच संदेश. दुसरं कापलं, पुन्हा तोच. तिसऱ्याला अण्णांनी हात धरला.

पहिल्या ओळीत कर्नलच्या स्वतःच्या हेडर फाइलचं नाव होतं, म्हणून मला आधी वाटलं कर्नलच बिघडलाय. खाली कॉल ट्रेसमध्ये मग ड्रायव्हरचं फंक्शन सापडलं. फंक्शनचं नाव आणि प्लसच्या पुढचा आकडा घेतला, केओ फाइलवर 'फॅडर२लाइन' चालवलं, ओळ हातात आली. सूत तुटल्याच्या इंटरप्टच्या हँडलरमध्ये केमॅलॉक (मेमरी मागणारी हाक), जीएफपी_कर्नल लावून. एवढं मला वाचता येतं.

फक्त एक कळेना. सूत दिवसाला शंभरदा तुटतं. मग जुना कर्नल पहिल्याच तुटीला का गोठत नव्हता? दोन-तीन तास कशाला थांबत होता?

---

भवानीपेठकर · शुक्रवार, सकाळी ६.५०

वा! कात्रीचं आवडलं.

जीएफपी_कर्नल म्हणजे 'मेमरी दे, लागली तर मी थांबतो' असं सांगणं. रॅम मोकळी असेल तर मागितल्याक्षणी मिळते, थांबायची वेळच येत नाही, चूक पचून जाते. रॅम आखडली की मात्र कर्नल म्हणतो, थांब, कुणाला तरी उठवून जागा करून देतो. इंटरप्टमध्ये थांबता येत नाही, तिथेच गाठ बसते. त्या पीसीवर सकाळपासून काय काय उघडं असतं?

जुन्या कर्नलला चूक घडल्यावर त्रास व्हायचा. डीबग_ॲटॉमिक_स्लीप 'झोपलास का' असं विचारत नाही, 'झोपण्याची शक्यता असलेली हाक या जागी मारलीसच का' असं विचारतं. म्हणून रॅम मोकळी असतानाही पहिल्याच सुताला सापडलं.

तिथे जीएफपी_ॲटॉमिक लावा. पण ते नाही म्हणू शकतं, तेव्हा परत आलेला पॉइंटर रिकामा आहे का ते तपासा. तो ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तपासलं नसणार, पैज लावतो. त्याहून बरं म्हणजे ती जागा प्रोबमध्ये (ड्रायव्हर कार्डाला पहिल्यांदा जोडला जातो तेव्हा) एकदाच घेऊन ठेवा, इंटरप्टमध्ये मागायचंच नाही.

---

टॉवेलवाला · रविवार, सकाळी १०.१०

पैज जिंकलात, तपासलं नव्हतं. जागा प्रोबमध्ये घेतली, माझ्या आयुष्यातला पहिला सीचा बदल, सहा ओळी. काल पूर्ण पाळी झाली, सूत कितीदा तुटलं मोजलं नाही, नेटकन्सोल गप्प. केएसॅनची गरजच पडली नाही.

उघडं काय असतं विचारलंत ना? डिझाइनवाला पोरगा ब्राउझरमध्ये गाणी लावतो, आणि प्रत्येक गाण्याला नवीन टॅब. दुपारपर्यंत चाळीस. तो सुट्टीवर होता त्या आठवड्यात पीसी एकदाही गोठला नव्हता, हे अण्णांनी आत्ता सांगितलं.

आता पुढचं. शेजारच्या शेडमध्ये हेच कार्ड आहे, पण तिथे उबुंटू. तिथे सर्टिफिकेटची ओळ तीच का?

---

जुळे_सोलापूर_७७ · रविवार, सकाळी १०.४५

तिथे दोन ओळी. सिस्टीम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टीम_रिव्होकेशन_कीज, दोन्ही रिकाम्या करा. एकच केलीत तर पुन्हा पाचव्या मिनिटाला थांबेल. आणि पेनड्राइव्ह लावून ठेवा.