मदत हवी आहे: पगच्या नाकावरची घडी लाल झालीये, ओलसर राहते आणि वास येतो

पगपालक
पग जातीचा कुत्रा, नर, वय 4 वर्षं. नाकावरची घडी उघडली की आत लालभडक कातडी, तपकिरी चिकट थर आणि आंबूस वास. सारखं तोंड गालिच्यावर घासतो. रोज बेबी वाइपने पुसून टाल्कम पावडर लावणं चालू आहे. जरा बरं वाटतं की पुन्हा तेच. माणसांची खाजेची क्रीम घरात आहे, ती चालेल का? आणि दिवसातून किती वेळा पुसायचं?

शेपूट
क्रीम नको. त्यात बरेचदा क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. लाली झटकन उतरते, पण कातडी पातळ होत जाते. शिवाय डोळा तिथून बोटभर अंतरावर; कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, व्रण असेल तर स्टेरॉइडने चिघळतो.

पावडरही बंद करा. घडीतल्या ओलाव्यात तिच्या गोळ्या होतात आणि त्याच कातडीला काचतात. बेबी वाइपने मळ निघतो, पण घडी ओलीच राहते, आणि खरं दुखणं ओलाव्याचंच आहे. कातडीवर कातडी घासते, हवा लागत नाही, डोळ्यातलं पाणी झिरपत राहतं. मग एरवीही कातडीवर थोडेफार असणारे मॅलासेझिया यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि स्टॅफिलोकॉकस जिवाणू माजतात.

पुसताना एका हाताने वरची कातडी कपाळाकडे हलकेच ओढा, घडीचा तळ दिसला पाहिजे. खपली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या गॉजने मऊ करा, खरवडू नका. मग कुत्र्यांसाठीचं क्लोरहेक्सिडिनचं (जंतुनाशकाचं) वाइप पिळून तर्जनीला गुंडाळा आणि डोळ्याच्या बाजूने नाकाच्या मध्याकडे पुसत या, उलट नाही. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात गेलं तर कॉर्नियाला इजा होते. दोन-तीन मिनिटं थांबून कोरड्या गॉजने टिपा. कापूस नको, तंतू आत अडकतात. ही शेवटची पायरीच बहुतेक जण गाळतात!

लाली असेपर्यंत दिवसातून एकदा, फारच चिकट असेल तर दोनदा. बरं झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. उगाच जास्त पुसलं तर कातडी सोलवटते.

घासपूस
खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली?

शेपूट
चिघळलेल्या घडीत दोन्ही नको, ओलावा आत कोंडतो. त्यात यीस्टला स्निग्धपणा मानवतो. कातडी पूर्ण बरी आणि कोरडी असेल तेव्हा जेलीचा अगदी पातळ थर चालतो, डोळ्यातल्या पाण्याला आडोसा म्हणून. झिंक ऑक्साइडची क्रीम आणि टी ट्री ऑइल मात्र कधीच नाही. कुत्रा जे चाटू शकतो ते चाटतोच, आणि ही दोन्ही पोटात गेली तर विषबाधा होते.

काचपट्टी
वर सांगितलेलं बरोबर आहे, पण यीस्ट की जिवाणू हे वासावरून ठरत नाही. व्हेटला सायटॉलॉजी करायला सांगा: घडीतला नमुना काचेवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यीस्ट निघालं तर मायकोनाझोलसारखं बुरशीनाशक औषध लागतं, नुसतं अँटिबायोटिक देऊन भागत नाही.

घडीचा त्रास वारंवार परत येत असेल तर बाकी शरीरही बघा. पंजे चाटणं, कान लाल होणं सोबत असेल तर मुळाशी अ‍ॅलर्जी असू शकते. वजन जास्त असेल तर घड्या आणखी खोल होतात. सगळं करूनही थांबलं नाही तर घडी शस्त्रक्रियेने काढतात, पण तो शेवटचा उपाय.

पगपालक
पंजे चाटतो, हो. आणि डावा डोळा जरा मिचकावतोय, पाणीही त्याच बाजूने जास्त.

काचपट्टी
मग घडी राहू द्या, आजच डोळा दाखवा. घडीवरचे केस कॉर्नियाला घासून व्रण होतो आणि पगमध्ये तो झपाट्याने खोल जातो. फ्लुरोसीन या रंगद्रव्याचा थेंब टाकला की व्रण हिरवा चमकतो, तपासणी दोन मिनिटांची. तोवर डोळ्यात कुठलेही जुने ड्रॉप घालू नका, गळ्याभोवती कोन (शंकूसारखी कॉलर) बांधा म्हणजे पंजा मारता येणार नाही. आणि जाण्याआधी घडी पुसू नका, नाहीतर काचेवर घ्यायला नमुनाच उरणार नाही.